माझ्या नावावरचं रक्त

९ फेब्रुवारी

छावणीच्या दवाखान्यातल्या नर्सने आज ही वही दिली. म्हणाली, "वेली, रोज लिहायचं. डोकं दुखलं का, कानात शिट्टी वाजली का, झोप किती लागली. महिन्याने डॉक्टरीणबाईंना दाखवायची." मी मान हलवली. खरं लिहिलं तर दाखवता येणार नाही, आणि दाखवायचं तर खरं लिहिता येणार नाही. तेव्हा खरंच लिहितो आणि वही बसच्या सीटखाली ठेवतो.

डोकं दुखलं. शिट्टी वाजली. झोप तीन तास.

पहिल्या पानावर नावासाठी रेघ आहे. देल्फिन वेली, वय एक्केचाळीस. काम: खाणीच्या कामगारांना छावणीतून खाणीच्या तोंडापर्यंत नेणं-आणणं. चौदा वर्षं झाली.

१३ फेब्रुवारी

सुटी होती. गावातल्या एका छोट्या लॅबमध्ये जाऊन गुपचूप रक्त तपासून घेतलं. हिमोग्लोबिन बावीस पॉइंट चार. लॅबवाला सुईकडे बघत म्हणाला, "मामा, रक्त आहे की काकवी?"

इथं वर, साडेचार हजार मीटरवर, हवा विरळ. ती पुरत नाही म्हणून अंग रक्त बनवत राहतं, आणि काहींचं ते बनवणं थांबतच नाही. मी त्यातला. एकवीसच्या वर गेलं की खाण माणसाला खाली पाठवते. खाली खाणीच्या बसगाड्या नाहीत.

डॉक्टर उगार्ते नव्या आल्यात. गेल्या महिन्यात आम्हा ड्रायव्हरांना समोर बसवून त्यांनी सांगितलं होतं, "असं घट्ट रक्त डोळ्यामागच्या बारीक शिरेत अडकतं. माणूस सकाळी उठतो तो एका डोळ्याने आंधळा. अशा माणसाच्या हातात मी चाळीस माणसं देणार नाही."

बाई बरोबरच बोलल्या. तीच तर अडचण आहे.

१७ फेब्रुवारी

बायकोला, नेलिदाला, आकडा सांगितला. ती भांडी घासत होती, हात थांबले. "मग खाली जाऊ," म्हणाली. जणू काही पिशवी उचलली की झालं. मुलींची शाळा इथली, खोली खाणीची, आणि मला बस चालवण्यावाचून काही येत नाही. आमच्यातल्याच एका ड्रायव्हरला, विल्देरला, गेल्या वर्षी खाली पाठवलं. तो खालच्या शहरात, हुआंकायोत, कुणाची तरी तीन चाकी चालवतो आणि ओळखीचं माणूस दिसलं की मान फिरवतो.

वार्षिक तपासणी ४ मार्चला, हुआंकायोच्या क्लिनिकमध्ये. तिथं मला तोंडाने कुणी ओळखत नाही. छातीचा फोटो, कान, डोळ्यांचा तक्ता, सगळं मी देईन. प्रश्न फक्त रक्ताच्या एका नळीचा आहे.

एक गोष्ट मनात आली आहे. लिहीत नाही.

२५ फेब्रुवारी

आता लिहितो. दादाकडे जाऊन आलो.

दादा म्हणजे सेनोबियो, माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. खाली खोऱ्यात कोचासला राहतो आणि वाळलेल्या तुंब्यांवर चित्रं कोरतो. नांगरणी, लग्न, बैलाची झुंज, मयत. एका तुंब्यावर तो अख्खं गाव बसवतो आणि प्रत्येक माणसाला नाक-डोळे देतो. तो वर कधीच राहिला नाही. नाक माझंच, कपाळ माझंच.

मी अर्धा तास पावसापाण्याचं बोललो. शेवटी तोच म्हणाला, "अरे धाकट्या, ओक ना एकदाचं. बायको पळाली का?"

मी सांगितलं.

तो हसत सुटला. "रक्तच हवंय ना? मला वाटलं मूत्रपिंड मागायला आलास."

"दादा, पकडले गेलो तर तुलाही..."

"मला काय करतील? तुंबे जप्त करतील?" त्याने माठातलं पाणी गटागट प्यायलं. पुन्हा भरलं, पुन्हा प्यायलं. "आयुष्यात एकदा तरी माझ्या अंगातलं काही तुझ्या कामाला आलं म्हणायचं."

एरमेलिंदा वहिनी चुलीपाशी होती. म्हणाली, "भावजी, घेऊन जा याचं रक्त, पण उपाशी राहायचं असतं ना? हा राहील का? सकाळपासून दोन बाटल्या ते पिवळं गोड पाणी लागतं याला. आणि खातो एवढं, तरी बघा, पट्ट्याला दोन नवी भोकं पाडली."

खरंच वाळलाय. बरा दिसतो. माझं पोट स्टिअरिंगला टेकतं, हा पोरासारखा सडपातळ. बसल्या बसल्या तीनदा परसात जाऊन आला. परत येताना म्हणाला, "परसात मुंग्या फार झाल्यात यंदा." म्हटलं, म्हातारा झालास.

४ मार्च

झालं.

दादाने माझं जाकीट घातलं होतं, खाणीच्या शिक्क्याचं. सकाळी सात वाजता रक्ताच्या खिडकीशी रांग होती. मी बाहेर फुटपाथवर उभा. काचेतून दिसत होतं. नर्सने माझं ओळखपत्र बघितलं, त्याचं तोंड बघितलं. तिने नाव पुकारलं आणि दादाने शाळेतल्यासारखा हात वर केला, "हजर!" नर्सलाही हसू आलं. बाही वर, सुई आत, संपलं. नंतर आम्ही संडासात जाकीट बदललं आणि बाकीच्या तपासण्या मी दिल्या.

मग त्याला तळलेला मासा आणि पाव खायला घातला. तो म्हणाला, "आता सात दिवस शिव्या देऊ नकोस, तुझ्या नावावर माझं रक्त आहे."

दोघंही हसलो. वर येताना घाटात मात्र चाळीस जणांची आठवण झाली. मागच्या सीटांवर झोपलेले असतात, तोंड उघडं टाकून.

१५ मार्च

डॉक्टर उगार्तेंनी बोलावलं. हिमोग्लोबिन सतरा पॉइंट सहा. त्यांनी कागद बघितला, माझे जांभळे पडलेले ओठ बघितले, परत कागद बघितला. "सुटीत खाली होतात का?"

"हो डॉक्टर. पंधरा दिवस." चार दिवस होतो.

"हं." मग त्यांनी दुसरं पान पुढे सरकवलं. "हे मात्र वाईट आहे, वेली. तुम्हाला मधुमेह आहे, माहीत होतं?"

मला आधी समजलंच नाही. म्हटलं, "मला नाही." आणि मग समजलं.

त्यांनी बोट टोचून तिथल्या तिथे साखर बघितली. अठ्ठ्याण्णव. चांगली आली. मला वाटलं आता त्या ओरडतील, पण त्या म्हणाल्या, "आजची साखर आज उपाशी राहिलं तरी सुधारते. हा दुसरा आकडा तीन महिन्यांची गोष्ट सांगतो, तो खोटं बोलत नाही. सहाच्या आत हवा. तुमचा अकरा पॉइंट दोन आहे. हे आजचं नाही, वर्षांचं आहे. यात आधी जातात त्या डोळ्यातल्या शिरा. दुखत नाही, खुपत नाही, कळत नाही. कळतं तेव्हा उशीर झालेला असतो." ते पान आणि गोळ्या दिल्या. हुआंकायोत डोळ्याच्या डॉक्टरची चिठ्ठी दिली, पंधरा दिवसांच्या आत. जूनमध्ये पुन्हा रक्त.

चिठ्ठीवर नाव माझं.

नेलिदाला फक्त सांगितलं की हिमोग्लोबिन पास झालं. तिने देवाला मेणबत्ती लावली.

दादाला सांगायचंच आहे. फोनवर सांगण्यासारखं नाही. प्रत्यक्ष सांगेन.

२२ मार्च

डोळ्याच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. न जाऊन चालणार नव्हतं, कागद डॉक्टर उगार्तेंकडे परत द्यायचा होता. डॉक्टर आलियागा, तरुण माणूस, बोलका. डोळ्यात थेंब घातले, बाहुल्या मोठ्या झाल्या, मग डोळ्यावर असा उजेड मारला की कवटीच्या आत दिवा लावल्यासारखं वाटलं.

"कमाल आहे," म्हणाले. "अकरा पॉइंट दोन आणि डोळे लहान मुलासारखे! शिरा जराशा फुगल्यात, ते वरच्या हवेचं. पण साखरेचा एक डाग नाही. नशीबवान आहात."

मी उठायला लागलो.

त्यांना वाटलं मी हे हलक्यात घेतोय. त्यांनी पडद्यावर दुसऱ्या कुणाच्या डोळ्याचं चित्र लावलं. नारिंगी गोल, त्यावर लाल ठिपके, आणि एका बाजूला काळसर डाग पसरलेला. "तुमच्याएवढाच आकडा होता यांचा. सुतार होते. एक दिवस म्हणाले डोळ्यापुढे कोळी लोंबतोय. तो कोळी नव्हता, रक्त होतं. चार महिने आधी आले असते तर लेझरने वाचला असता डोळा."

"होते म्हणजे?"

"आहेत हो. सुतार होते."

बाहेर आलो तर थेंबांमुळे सगळं जग विरघळलेलं. बसच्या पाट्या वाचता येईनात. एका बाईला विचारलं, कोचासची गाडी कुठली? तिने बोट दाखवलं. समोरच उभी होती. अर्ध्या तासाचा रस्ता.

गेलो नाही. मनात म्हटलं, असे डोळे घेऊन काय सांगायला जायचं, नीट दिसायला लागलं की जाऊ. आणि सांगितलं की तो दवाखान्यात जाणार, नाव विचारणार, आधी कुठे तपासलं विचारणार. दादाला खोटं बोलता येत नाही, तो फक्त हसतो. जूनची तपासणी होऊ दे, कामाच्या कागदावर माझी वर्षाची सही होऊ दे, मग सांगतोच. तीन महिन्यांत काय होतंय?

चारच्या गाडीने वर आलो.

६ एप्रिल

तोड काढली आहे. डॉक्टर उगार्तेंनी दिलेल्या गोळ्या दादाला नेऊन दिल्या. वेष्टनातून काढून साध्या बाटलीत भरल्या. म्हटलं, खाणीतून मिळतात, ताकदीच्या. रोज दोन, जेवणानंतर.

"ताकद? माझी?" दादाने दंड वाकवून दाखवला. वहिनी म्हणाली, "घे की. भावजी एवढा लांबून घेऊन आलेत."

म्हणजे औषध चालू झालं. नाव न घेता का होईना, त्याचा उपचार होतोय. जूनमध्ये आकडाही खाली येईल. दोघांचंही भलं. आज बऱ्याच दिवसांनी चार तास झोपलो.

२८ एप्रिल

गोळ्या त्याने बंद केल्यात. दोन आठवड्यांपूर्वीच. "अरे, ताकद कसली, पोट धुऊन निघालं माझं. परसातून घरात यायची सोय नाही. शेजारच्या कोंबड्यांना घातल्या."

मी म्हटलं, थोडी थोडी घे. तो म्हणाला, तूच घे.

ताकदीच्या गोळ्यांसाठी किती आग्रह करायचा?

त्याच्या अंगठ्याला चिंधी होती. कोरणी सटकली म्हणे. "हल्ली तुंबेच टणक येतात." हातातला तुंबा बघितला. वरात काढलीय, पण वाजंत्र्यांना तोंडंच नाहीत, नुसते गोल. विचारलं तर म्हणाला, "लांबचे आहेत ते."

येताना बाजारातून त्याला एक चांगला दिवा घेऊन दिला, मान वळणारा. सेहेचाळीस वय. या वयात उजेड जास्त लागतोच.

१९ मे

आज पाचव्या वळणावर डोळा लागला. क्षणभरच. कडेच्या दगडांवर चाक गेलं त्या आवाजाने जागा झालो. मागून कुणीतरी ओरडलं, "वेली, लग्न जमलंय का कुणाचं, एवढी घाई?" सगळे हसले. मीही.

खाली उतरून चाक बघितलं. हे लिहायलाही लाज वाटते. पण लाज वाटून मी काय केलं? संध्याकाळची फेरीही केली.

डॉक्टर उगार्तेंनी आठवण करून दिली. ३ जूनला हुआंकायोत रक्त.

३ जून

सकाळी दादाला घ्यायला गेलो; खाण पुन्हा रक्त मागतेय एवढंच त्याला सांगितलं होतं. दारात उभा होता, तयार, पण डावा डोळा चोळत. "पहाटेपासून इथं काहीतरी लोंबतंय. कोळ्याचं जाळं आलंय वाटतं डोळ्यावर. बघ रे."

मी बघितलं. डोळा बाहेरून स्वच्छ होता.

मला माहीत होतं. तो शब्द मी कुठे ऐकला होता ते मला माहीत होतं. तरी मी म्हटलं, "धूळ असेल. चल, उशीर होतोय."

क्लिनिकमध्ये त्याने सहीची जागा चुकवली. नर्सने बोट ठेवून दाखवलं तरी सही कागदाबाहेर टेबलावर गेली. आज तो "हजर" म्हणाला नाही. बाहेर येऊन पायरीवर बसला आणि म्हणाला, "देल्फिन, जाळं नाही रे. शाई सांडल्यासारखं आहे. डाव्या डोळ्याने तुझं तोंड दिसत नाही मला."

डॉक्टर आलियागांचा दवाखाना त्याच इमारतीत वर आहे. दोन जिने. मी जिन्याकडे बघितलं. ते मला बघताक्षणी ओळखणार, लहान मुलासारखे डोळे. मग विचारणार, हे कोण, यांची साखर किती.

दादाला हाताला धरून रस्त्यापलीकडच्या औषधाच्या दुकानात नेलं. दुकानदाराने डोळ्यात घालायचे थेंब दिले, गार वाटतं म्हणाला. दादाने विश्वासाने डोकं मागे टाकलं. थेंब मी घातले. माझ्या हाताने.

५ जून

काल आणि आज बस चालवली. वहिनीचा फोन येऊन गेला, थेंबांनी फरक नाही.

६ जून

नेलिदाला सगळं सांगितलं. मार्चपासूनचं. सुरुवात केली तेव्हा ती मुलीचं स्वेटर विणत होती, मध्येच सुया बाजूला ठेवल्या.

"तुला मार्चमध्ये कळलं होतं?"

"हो."

"आणि मी मेणबत्ती लावली तेव्हा तू बघत बसलास."

मी मुलींच्या शाळेचं बोलायला लागलो. ती म्हणाली, "मुलींना मध्ये आणू नकोस. त्यांनी काही तुला असं कर म्हणून सांगितलं नव्हतं." मग कपाटातून माझी पिशवी काढून पुढ्यात टाकली. "पहाटेची गाडी आहे. बस कोण चालवेल ते खाण बघेल. जा."

७ जून

आजचं सगळं लिहायचं आहे, काहीही न गाळता.

दादा अंगणात खुर्चीवर बसला होता, तोंड उन्हाकडे. वहिनी बाजाराला गेलेली. मी उभ्यानेच सांगितलं. रक्तात साखर निघाली होती. आकडा सांगितला. डॉक्टरने काय दाखवलं ते सांगितलं. गोळ्या कसल्या होत्या ते सांगितलं.

त्याने खुर्ची उन्हातून माझ्याकडे वळवली. मग म्हणाला, "मार्चमध्ये."

"हो."

"तो कागद कुठाय?"

"फाडला."

"फाडायला तरी नको होतास, धाकट्या. नाव सोडलं तर त्यावर सगळं माझंच होतं."

त्याने मला मारावं असं वाटत होतं. त्याने नाही मारलं. उठला, दाराच्या चौकटीला धडकला, टोपी शोधून डोक्यावर घातली. "चल. कुठे नेणार होतास तिथे ने."

डॉक्टर आलियागांनी ओळखलंच. "अरे, लहान मुलाचे डोळे!" म्हणत हसत उठले. मी म्हटलं, "डॉक्टर, ती साखर यांची आहे. अकरा पॉइंट दोन यांची आहे. मार्चमधली." त्यांचं हसू गेलं. त्यांनी माझ्याकडे परत बघितलं नाही. दादाचा खांदा धरून त्याला आत नेलं.

तासाने बाहेर आले. डावा डोळा रक्ताने भरला आहे आणि मागचा पडदाही ओढला गेलाय. लिमाला पाठवू, ऑपरेशन करतील, पण फार आशा धरू नका. उजव्यात सुरुवात झालीय, तो लेझरने वाचवता येईल, उद्यापासूनच. मी विचारलं, मार्चमध्ये आलो असतो तर? ते म्हणाले, "ते मला विचारू नका." थोडं थांबून म्हणाले, "तुम्हाला माहीत आहे."

परतताना गाडीत दादा म्हणाला, "एरमेलिंदाला यातलं काही सांगायचं नाही."

"का?"

"ती मला विचारेल, याला रक्त दिलंसच कशाला. त्याला माझ्याकडे उत्तर नाही."

तिला तो म्हणाला, साखर आहे म्हणे, आजच कळलं. मी तिथेच उभा होतो. ती रडली, आणि मला म्हणाली, "भावजी, तुम्ही होतात म्हणून वेळेवर नेलं." मी मान खाली घातली, आणि तिला तो नम्रपणा वाटला.

१५ जून

डॉक्टर उगार्तेंसमोर बसून सगळं सांगितलं आणि बाही वर केली. माझं रक्त, माझ्या नावावर. तेवीस पॉइंट एक.

त्या चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी पेनचं टोपण लावलं आणि म्हणाल्या, "मला त्या दिवशी तुमचे ओठ दिसत होते, वेली. मी कागदावर विश्वास ठेवला. ती माझी चूक. चाळीस माणसं तुमच्या मागे बसवली ती आपल्या दोघांची." बस त्याच दिवसापासून बंद. खाणीने दोन ओळींचं पत्र दिलं. कामगार निरोप द्यायला आले नाहीत. आपण कुणाच्या भरवशावर मागे झोपत होतो ते त्यांना कळलं होतं. एकजण मात्र दारात येऊन म्हणाला, "पाचव्या वळणावरच सांगायचंस की." आणि गेला.

११ जुलै

आम्ही खाली आलो. कोचासलाच, दादाच्या मागच्या दोन खोल्यांत. दादानेच बोलावलं. मुली शाळेत जायला लागल्या. माझे ओठ हळूहळू माणसाच्या रंगाचे होताहेत, डोकं दुखत नाही. हेही लिहायला लाज वाटते. खाली येणं एवढंच तर होतं.

लिमाचं ऑपरेशन झालं. डाव्या डोळ्याला उजेड-अंधार कळतो, बाकी नाही. उजव्याचं लेझर चार वेळा झालं, तो टिकलाय. दादा वहिनीच्या देखरेखीखाली गोळ्या घेतो, पिवळं पाणी बंद. तुंबे कोरतो, पण मोठी चित्रं. तुरे, पानं, पक्षी. माणसं काढत नाही.

२७ जुलै

सान्तियागोचा सण. गुरांच्या कानात रंगीत फिती ओवून झाल्या, सगळे अंगणात वाजंत्र्यांपाशी होते. पाहुण्यांपैकी कुणीतरी दादाला विचारलं डोळ्याचं काय झालं. तो हसून म्हणाला, "आळस. साखर होती, तपासलं नाही. माझाच दोष." सगळ्यांनी मान डोलावली. एका म्हाताऱ्याने त्याला रागावूनही घेतलं, पुरुषमाणसांना अक्कल नसते म्हणून. दादा ऐकून घेत होता. माझ्या वाटणीचं.

मी उठून मागे गेलो. वहिनी एकटीच बसली होती, मक्याची वाळलेली कणसं सोलत. समोर बसून तिला सांगितलं. मार्च, कागद, गोळ्या, तो जिना, ते थेंब. दादाने का लपवलं तेही.

तिचे हात थांबले नाहीत. दाणे टोपलीत पडत राहिले. मला वाटलं तिने ऐकलं नाही, म्हणून पुन्हा बोलणार होतो, तेव्हा ती बोलली. हळूच, जणू स्वतःशी.

"एप्रिलमध्ये मी त्याला दोनदा म्हटलं. सारखं पाणी पितोस, वाळत चाललायस, आरोग्य केंद्रात जाऊन रक्त तपासून घे. दोन्ही वेळा तो काय म्हणाला माहितेय?"

मी मान हलवली.

"म्हणाला, 'अगं, नुकतंच तपासलंय की देल्फिनच्या नावाने. काही निघालं असतं तर धाकटा बोलला असता.'"

अंगणात सॅक्सोफोन चालू झाला. लोक टाळ्या वाजवत होते. वहिनीने पुढचं कणीस घेतलं. मी तिथून उठू शकलो नाही, म्हणून मीही एक घेतलं. तिने ते माझ्या हातातून काढून घेतलं, परत ढिगात ठेवलं, आणि स्वतःचं सोलत राहिली.